मुराळ्याची गाडी

माझी गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरते. आधी स्टिअरिंगवरचे हात, मग आरसा, मग शेजारच्या सीटवर ठेवलेली पर्स. गॅरेजवाला दर वेळी सांगतो, "मॅडम, इंजिनाचं फाउंडेशन गेलंय, बदलून टाकू." मी दर वेळी म्हणते, "पुढच्या वेळी बघू." त्याला वाटतं मी चिकट आहे. वाटू दे. पुण्याच्या या गर्दीत माझ्या माहेरची ही थरथर एवढी एकच गोष्ट माझ्यासोबत आहे. ती काढून टाकायला मी तयार नाही.

फाउंडेशन म्हणजे काय, हे मला गॅरेजवाल्याने सांगायची गरज नाही. इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट बसवत नाहीत. मध्ये लोखंडात धरलेले रबराचे जाड ठोकळे असतात, त्यांच्यावर ते बसतं. इंजिन दिवसभर धडधडणार, ते त्याचं कामच आहे. ती धडधड त्या रबराने पोटात घालायची, आत बसलेल्या माणसांपर्यंत पोचू द्यायची नाही. रबर म्हातारं झालं की त्याच्याने हे होत नाही, मग सगळी गाडी हलायला लागते. एवढी साधी गोष्ट. पण ती समजायला आमच्या घरात एक अख्खा चैत्र लागला होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही नाशिकला आडगाव नाक्याच्या अलीकडे राहायचो. वडील ओझरला विमानाच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. सकाळी कारखान्याची बस त्यांना नाक्यावरून घेऊन जायची आणि संध्याकाळी तिथेच आणून सोडायची. दिवसभर त्यांचं काम एकच, दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंत खोट शोधायची. ही सवय ते कारखान्याच्या गेटवर ठेवून येत नसत. घरातला पंखा डुगडुगला, टेबलाचा पाय हलला, कढईचा कान सैल झाला, की त्यांचा निकाल ठरलेला असे, "हललं की नापास." मग पाना, पक्कड, पाचर. आमच्या घरात काहीच हलत नसे. आई म्हणायची, "आता मीच तेवढी हलते. माझ्यावर पण एकदा शिक्का मारून टाका."

या शिस्तीला एकच अपवाद होता, तो म्हणजे आमची गाडी. कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्याकडून घेतलेली, मूळची पांढरी पण आता सायीसारखी पिवळट झालेली. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, पुढची सीट सोफ्यासारखी सलग. वडिलांनी तिचं सगळं स्वतः केलं होतं, ब्रेक, पत्रा, रंगाची ठिगळं, सगळं. पण उभी राहिली की ती हिवताप आल्यासारखी थरथरायची, ते काही जात नव्हतं. आरशात मागचा एक ट्रक तीन दिसायचा. डॅशबोर्डवर आईने एक पितळी गणपती ठेवला होता. तो या थरथरीने हळूहळू फिरायचा. नाशिकहून निघताना आमच्याकडे तोंड करून बसलेला देव दिंडोरी येईपर्यंत आमच्याकडे पाठ करून रस्ता बघत असायचा. आई त्याला पुन्हा सरळ करायची. "देवालासुद्धा तुमच्या गाडीत बसवत नाही," असं म्हणायची.

वडील हसायचे आणि इंजिन बंद करायचे. ते प्रत्येक ठिकाणी इंजिन बंद करायचे. सिग्नल, रेल्वे फाटक, रस्त्यात मेंढरं आडवी आली तरी. कोणी विचारलंच तर उत्तर तयार असायचं, "पेट्रोल काय फुकट येतं का?" द्वारका चौकात मागचे लोक हॉर्न वाजवून वेडे व्हायचे, आणि आमची गाडी पुन्हा सुरू व्हायला घेईल तेवढा वेळ घ्यायची. मी मागच्या सीटवर तोंड लपवून बसायचे.

आईचं माहेर कळवणचं. गावाबाहेर शेत, शेतात घर, दारात कडुनिंब. त्या बाजूला आखाजी म्हणजे लेकींचा सण. दिवाळीला नाही गेलं तरी चालेल, पण अक्षय्य तृतीयेला लेक माहेरी हवीच. कडुनिंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या होतात, आमरस होतो, आणि सासरी असलेल्या बाया दोन दिवस पुन्हा मुली होतात. लेकीला आणायला भाऊ जातो. त्याला मुराळी म्हणतात. मामा दर वर्षी मुराळी होऊन यायचा. धोतराचा सोगा सावरत, पिशवीत कैऱ्या घेऊन एसटीतून उतरायचा, आणि दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन जायचा.

मग काही वर्षं हे बिनसलंच. एका वर्षी आमच्याकडे लग्न निघालं, एका वर्षी आजी अंथरुणावर होती. मामा आला, जेवला आणि एकटाच परत गेला. त्यानंतर आईची पाठ गेली. मणक्याचं ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं असं सगळे म्हणाले, पण तिचं दुखणं हटलं नाही. बसलं तर कळ, उठलं तर कळ. सगळ्यात वाईट म्हणजे झोप गेली. दिवसा नाही, रात्री नाही. जरा डोळा लागला की पाठीतून काहीतरी सणकायचं आणि ती जागी व्हायची. तिचं तोंड ओढल्यासारखं झालं होतं. एरवी बोलून बोलून आम्हाला पुरून उरणारी बाई गप्प झाली.

त्या चैत्रात ती एकदाच काहीतरी मागून बसली. पोळी लाटणाऱ्या बाईंकडे बघत, आमच्या दोघांकडे न बघता म्हणाली, "मला एकदा आखाजीला घरी जायचंय." एवढंच. यापुढे तिला जाता येईल की नाही, हा विचार त्या 'एकदा'मध्ये होता. तो मला कळला आणि वडिलांनाही कळला, कारण त्यांनी ताटातला हात थांबवला.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एसटी नको, जीप तर नकोच. स्वतःच्या गाडीतून जा, खड्डा आला तर हळू घ्या. पण ती बारीक थरथर असते ना, ती सतत अंगात भिनते, तिने स्नायू आखडतात, ती मुळीच चालणार नाही. आमची गाडी त्यांनी पाहिलेली नव्हती. तरी जणू तिचंच वर्णन करत होते.

घरी आल्यावर वडिलांनी जाहीर केलं, "या वर्षी मुराळी मी."

आई कितीतरी दिवसांनी हसली. "नवरा कुठे मुराळी होतो का? गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही माझी."

"होतो. मी पहिला. तुझ्या भावाला कळव, येऊ नको म्हणावं."

मामाच्या गावातल्या दुकानात फोन होता. आईने तिकडे निरोप ठेवला, मग मामाचा उलटा फोन आला. त्याच्याशी बोलताना आईची भाषा लगेच बदलायची, आवाजसुद्धा कोवळा व्हायचा. "हाई आखाजीले येसूच मी," येणारच, असं तिने सांगितलं आणि पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, पदराने डोळे पुसत बसली. आता माघार घ्यायची सोय उरली नाही.

दुसऱ्याच रविवारी वडिलांनी गाडीची तपासणी मांडली. मांडली म्हणजे अगदी सत्यनारायणासारखी मांडली. अंगणात चटई, चटईवर पाने आकारमानाने लावलेले, बाजूला पाण्याचा तांब्या. आई खिडकीत उशीला टेकून उभी होती, तिला उभं राहिलं की जरा बरं वाटायचं. माझी बीकॉमची परीक्षा झालेली होती, म्हणून मला ड्रायव्हरच्या जागी बसवलं.

ते आधी मला प्रश्न विचारत. सवयच ती. "उभी असताना हलते की चालताना?" दोन्हीकडे, पण उभी असताना जास्त. "मग चाकांचा दोष नाही. उभ्या गाडीची चाकं फिरतच नाहीत." रेस वाढवली की? "कमी होते." मग त्यांनी प्लगच्या वायरी एकेक करून काढून बघितल्या. प्रत्येक वायर काढली की इंजिन अडखळायचं, म्हणजे चारी सिलिंडर नीट काम करत होते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते कितीतरी वेळ ऐकत बसले. "पोट साफ आहे हिचं," म्हणाले. "आतून काही नाही."

मग त्यांनी मला ब्रेक दाबून धरायला लावला, गिअर टाकायला लावला आणि क्लच अगदी अर्धा सोडायला सांगितलं. बॉनेट उघडं होतं. मला फक्त त्याचा पत्रा दिसत होता, पण बाहेरून वडिलांचा आवाज आला, "अरे! अरे! उठतंय बघ!" मी घाबरून क्लच सोडला आणि गाडी मेली. त्यांनी पुन्हा तसंच करायला लावलं. इंजिन एका बाजूने उचललं जात होतं, कुशीवर वळणाऱ्या माणसासारखं, आणि धप्पकन खाली बसत होतं. निदान झालं. फाउंडेशन गेलं होतं.

ऑइल चेंबरखाली लाकडी फळी, फळीखाली जॅक, असं करून त्यांनी इंजिन जरासं उचललं आणि जुने ठोकळे काढले. रबर तेल पिऊन फुगलेलं, लोखंडापासून सुटलेलं, हातात घेतलं तर त्याचा चिखलासारखा तुकडा निघत होता. वडील ते घेऊन खिडकीपाशी गेले आणि आईला दाखवलं. "सापडला चोर." आईने नाकाला पदर लावला. पण तिचे डोळे चमकले होते, मी पाहिलं.

आता खरं तर नवे ठोकळे आणायचे आणि बसवायचे. पण त्या गाडीचं उत्पादन थांबत आलं होतं. दुकानांत "मागवावं लागेल, सांगता येत नाही" एवढंच उत्तर मिळत होतं. आणि तसंही, दुकानातला माल बसवण्यात ओझरच्या माणसाला काय सुख? वडिलांनी अंबडच्या एका वर्कशॉपमधून कारखान्यात माल वाहणाऱ्या पट्ट्याचं जाड रबर मिळवलं. ते इतकं टणक होतं की सुरीने कापताना सुरीच वाकली. करवतीने कापलं, भोकं पाडली, लोखंडी पट्ट्यांमध्ये दाबून घट्ट बोल्ट मारले. त्यांच्या डोळ्यांसमोर विमान होतं. हलता कामा नये. हललं की नापास.

सगळं बसवल्यावर त्यांनी मला पुन्हा अर्धा क्लच सोडायला लावला. इंजिन तसूभर हललं नाही. वडिलांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि खिडकीकडे पाहिलं. "बसा," म्हणाले, "म्हसरूळपर्यंत चक्कर मारून आणतो."

आईला बसवणं म्हणजे एक सोहळाच असायचा. वडील दार उघडून धरायचे, ती आधी पाठमोरी बसायची, मग ते तिचे दोन्ही पाय उचलून आत घ्यायचे. उतरतानाही तसंच. एकटीने तिला गाडीतून उतरताच येत नसे. त्या दिवशी ती बसली, गाडी सुरू झाली आणि मला मागच्या सीटवर कळलं की काहीतरी भलतंच झालंय. आधी गाडी डुगडुगत होती, आता ती गुणगुणत होती. झिणझिण्या आल्यासारखी बारीक, सगळीकडून. दारं, काचा, सीटच्या स्प्रिंगा, माझे दात. गणपती तर शहरातल्या दिंडोरी नाक्यालाच फिरला.

म्हसरूळच्या आधीच आईने वडिलांच्या दंडावर हात ठेवला. वडिलांनी गाडी वळवली. घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि तिचा खांदा हलताना मला दिसला. वडील म्हणाले, "नवीन आहे, बसेल हळूहळू." त्यांनी सगळे बोल्ट अजून आवळले. थरथर अजून वाढली.

पुढचे काही दिवस घरात कोणी आखाजीचं नाव काढलं नाही. बाजारात कैऱ्यांचे ढीग आले होते. वडील संध्याकाळी बसमधून उतरले की तसेच गाडीखाली शिरायचे. मी त्यांना इतकं हरलेलं कधी पाहिलं नव्हतं. रोग कळला होता, औषध केलं होतं, काम नजर लागावी असं झालं होतं, आणि रोगी आधीपेक्षा बेजार होता. मामाचा फोन यायचा तेव्हा आई "बघू, बघू" म्हणायची, तेही आमच्याच भाषेत.

आईला सकाळी कमरेचा पट्टा बांधावा लागे, दवाखान्यातला, पट्ट्या आणि चिकटपट्टीवाला. ते काम वडिलांचं. कारखान्याला निघण्यापूर्वी ते तिला भिंतीला धरून उभं करायचे आणि पट्टा ओढून बांधायचे. एका सकाळी ती कळवळलीच. एवढ्या महिन्यांचं साचलेलं सगळं त्या एका पट्ट्यावर निघालं.

"अहो, सैल करा! किती आवळता? आवळलं म्हणजे दुखायचं थांबतं असं कोणी सांगितलं तुम्हाला? इतकं घट्ट बांधलं की कळ सरळ डोक्यात जाते माझ्या. थोडं हलू द्या ना मला. धरा, पण हलू द्या!"

मी चहा गाळत होते, ती गाळणी तशीच हातात राहिली. वडील पट्ट्याचं टोक धरून उभे होते. त्यांनी पट्टा सोडला, मग अगदी हलक्या हाताने पुन्हा बांधला आणि विचारलं, "असं?"

"असं."

"आता बरं वाटतंय?"

"सांगतेय काय मग!"

ते चहा न घेता अंगणात गेले. गाडीचं बॉनेट उघडल्याचा आवाज आला. कारखान्याची बस त्या दिवशी त्यांच्याशिवाय गेली, आणि न कळवता ते कामावर गेले नाहीत असा दुसरा दिवस मला आठवत नाही.

मी चहा घेऊन बाहेर गेले तर ते स्वतःच्या हाताने बनवलेल्या त्या देखण्या ठोकळ्यांचे बोल्ट सोडत होते. "विमानातसुद्धा इंजिन असं ठोकून बसवत नाहीत," ते माझ्याशी की स्वतःशी बोलत होते कोण जाणे. "माहीत आहे मला. रोज बघतो. आणि इथे आंधळ्यासारखा... त्याला हलायचंच आहे. हलू दिलं नाही तर ते सगळ्या गाडीला हलवणार." मग जरा वेळाने म्हणाले, "तिलाही मी तसंच बांधत होतो."

त्याच दुपारी आम्ही भंगारबाजारात गेलो. सरत्या चैत्राचं ऊन, पत्र्यांचे डोंगर, नुसता तापलेल्या लोखंडाचा वास. वडील एकेक ठोकळा उचलायचे आणि अंगठ्याने दाबून बघायचे. आंबा बघतात तसा. टणक लागला की परत ढिगात. आधी ते माल कसा बघायचे ते मी पाहिलं होतं, मजबूत काय ते शोधायचे. आता मऊ शोधत होते, आणि मऊ असून लोखंडाला धरून असलेलं. अपघातात मोडलेल्या, आमच्याच मॉडेलच्या एका टॅक्सीखाली ती जोडी सापडली. गाडी तशी फार चाललेली नव्हती. वडिलांनी अंगठा दाबला, रबर दबलं आणि अंगठा काढल्यावर पुन्हा वर आलं. त्यांनी तो ठोकळा माझ्या हातात दिला. "दाब," म्हणाले. मी दाबला. आम्ही दोघं त्या भर उन्हात भंगारात उभं राहून वेड्यासारखे हसत होतो.

या वेळी ते बसवून झाल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवले नाहीत. चक्कर मारून आणतो, असंही म्हणाले नाहीत. मला अर्धा क्लच सोडायला लावला. इंजिन थोडं उचललं, थोडं झुकलं, पुन्हा जागेवर आलं. "पास," ते हळूच म्हणाले. मग आत जाऊन आईला एवढंच सांगितलं, "बॅग भरून ठेव."

त्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगते, म्हणजे मागे वळून बघायची गरज नाही. माझं लग्न होऊन मी पुण्याला आले, तोवर आई गेली होती. ती आखाजी तिची शेवटचीच ठरली. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला माझ्या दारात कोणाचा तरी हॉर्न वाजला, बघते तर वडील. आमच्याकडे, नाशिक शहरात, आखाजीला मुराळी पाठवायची पद्धत नाही, आणि बापाने तर नाहीच नाही. ते म्हणाले, "आमच्या घरात मुराळी मीच असतो." गाडी होती तोवर दर वर्षी येत राहिले, तिच्यातूनच. नंतर गाडी गेली, मग ते गेले, आडगाव नाक्याजवळचं घर दुसऱ्यांनी घेतलं. आता वैशाख आला की हॉर्नचा आवाज ऐकून मी अजून गॅलरीत जाते. पन्नाशीकडे झुकलेली बाई मी, मला कोणी न्यायला येणार नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी जाते.

तर आखाजीचा आदला दिवस. सकाळी ऊन चढायच्या आत निघालो. आई पुढे, उशी पाठीला, पट्टा सैल. मी मागे. म्हसरूळ गेलं तेव्हा मी श्वास रोखून धरला होता, वडिलांचे खांदे कानाला लागले होते. आईने एकदा डॅशबोर्डवर हात ठेवला, तळवा पालथा घालून, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. हात काढून मांडीवर घेतला आणि बाहेरची द्राक्षांची शेतं बघत बसली. दिंडोरी आली. गणपती आमच्याकडेच तोंड करून बसला होता.

दिंडोरीच्या पुढे तिची मान कलली. मला वाटलं दुखतंय. मी पुढे वाकून पाहिलं. तोंड थोडं उघडं, कपाळावरची आठी गेलेली, श्वास लांब आणि एकसारखा. आई झोपली होती. कित्येक महिन्यांनी, उशीवर नाही, पलंगावर नाही, आमच्या त्या हिवतापाच्या गाडीत तिला झोप लागली होती. मी वर पाहिलं तर आरशात वडिलांचे डोळे. त्या आरशात त्यांचे डोळे मला पहिल्यांदाच नीट दिसत होते, कारण आरसा स्थिर होता. ते भरलेले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

वणी आली. तिथून देवीचा गड दिसायला लागला की आई दर वेळी हात जोडायची आणि वडील दर वेळी तिची थट्टा करायचे. आज ती झोपलेली. गड डावीकडून पुढे आला तसा वडिलांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढला आणि झटकन छातीला लावला. तिच्या वतीने. मी पाहिलं नाही असं दाखवलं. नांदुरीच्या चढावर त्यांनी गिअर इतके अलगद बदलले की दांड्याचा आवाजसुद्धा आला नाही.

शेतातल्या घरासमोर गाडी थांबली तेव्हा कडुनिंबाला झोका बांधून तयार होता आणि त्यावर पोरं लोंबकळत होती. मामी दारातच होती, एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. लांबून आलेल्या लेकीवरून तुकडा ओवाळून टाकल्याशिवाय तिला घरात घेत नाहीत. मामी पुढे आली, खिडकीतून पाहिलं आणि थबकली.

"ताई जपेल शे का?" तिने कुजबुजत विचारलं. झोपलीय का.

वडिलांनी मान हलवली.

"मंग उठाडू नका, दाजी."

आता इंजिन बंद करायला हवं होतं. वडिलांचा हात किल्लीकडे गेला आणि तिथेच राहिला. पाळणा थांबला की मूल जागं होतं, हे त्यांना कळलं असावं. त्यांनी हात मागे घेतला. गाडी आपल्या जागी उभी राहून हळूच धपापत राहिली, रबर आपलं काम करत राहिलं आणि सगळी धडधड पोटात घालत राहिलं. मामाने पोरांना झोक्यावरून खाली उतरवून गप्प बसवलं. मामी भाकरीचा तुकडा धरून उन्हात तशीच उभी. मी मागे, जागची हलत नव्हते. आणि सिग्नलला, फाटकावर, मेंढरांसाठी इंजिन बंद करणारा माणूस, बायकोच्या माहेरच्या दारात पेट्रोल जाळत बसला होता, तिच्याकडे बघत. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. कडुनिंबाची सावली बॉनेटवर चढली एवढं आठवतं.

मग आईने डोळे उघडले. आधी तिला कळलंच नाही आपण कुठे आहोत. मग कडुनिंब दिसला, झोका दिसला, तुकडा घेऊन उभी मामी दिसली. तिने तो पितळी गणपती पाहिला, मग चालू इंजिनाचा आवाज ऐकला आणि वडिलांकडे वळली.

"अहो, बंद करा की गाडी," ती म्हणाली. "पेट्रोल काय फुकट येतं का?"

वडिलांनी किल्ली फिरवली. इंजिन थांबता थांबता एकदा हललं आणि गप्प झालं. ते नेहमीप्रमाणे तिचे पाय उचलायला घाईने उतरून गाडीला वळसा घालून आले. ते पोचले तेव्हा दार उघडलेलं होतं. आईने ते स्वतःच उघडलं होतं, आणि तिचा एक पाय माहेरच्या मातीवर होता.